ब्युरेट, आयएसआय मार्क आणि पंचवीस लाखाची रेघ : शेडवरच्या नोंदी

२ जून २०२५

आजपासून रोजच्या रोज नाही पण जे काही घडेल ते लिहून ठेवायचं ठरवलं, कारण मागच्या वर्षी नेमकं काय ठरलं होतं ते मला आणि मामाला दोघांनाही नंतर आठवत नव्हतं आणि त्यात दोन महिने गेले.

आपलं काम असं : देवळी-पुलगाव पट्ट्यात शेतातच टिनाचं शेड, त्यात दोन बर्नर, एक जुना ग्लास लेथ, एक अॅनिलिंगची भट्टी (काच हळूहळू थंड करून तिच्यातला ताण काढायची), कॉम्प्रेसर, प्रिंटिंगचं टेबल. मामा बत्तीस वर्षं मुंबईला ग्लास ब्लोइंग करून रिटायर झाला आणि गावाला परत आला, मी केमिस्ट्रीची बीएस्सी, आधी लॅबमधे होते. मी, मामा आणि गावातल्या दोन पोरी. बनवतो ते म्हणजे ब्युरेट (खाली चावी असलेली खुणांची नळी, मोजून थेंब थेंब द्रव सोडायची), पिपेट, टेस्ट ट्यूब, कंडेन्सर, केल्डालचे बल्ब (नायट्रोजन तपासायच्या उपकरणातले). गिऱ्हाईक म्हणजे शाळा-कॉलेजं, माती तपासणीच्या लॅब, दूध संकलनवाले आणि नागपूर-अमरावतीचे दुकानदार.

आज दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या. एका संस्थेच्या शाळांसाठी टेंडर निघालं त्यात ब्युरेट ५० मिलीच्या ४०० नग, अट अशी की आयएसआय मार्क असलेला माल. आणि दुपारी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की आता लॅबच्या काचेला आयएसआय कंपल्सरी, मार्क नसेल तर माल जप्त, पण छोट्या उद्योगाला सूट. खाली तीस जणांनी हात जोडले. कोणीच ऑर्डरचा कागद टाकला नाही.

मामा म्हणाला, "सूट आहे ना आपल्याले, मंग कायले डोकं लावतं?" मला एवढं सोपं वाटलं नाही.

५ जून

ग्रुपवरचं वाचून काही होत नाही म्हणून कायदाच काढून बसले, रात्री दीड वाजेपर्यंत. माझ्या डोक्यात जे एकत्र कालवलेलं होतं ते वेगळं करून लिहिते.

आयएसआय मार्क हा मुळात ऐच्छिक असतो. कोणीही मानकाप्रमाणे माल बनवत असेल तर बीआयएसकडून (भारतीय मानक ब्युरो, मानकं ठरवणारी केंद्राची संस्था) लायसन्स घेऊन मार्क मारू शकतो, नाही घेतलं तरी माल विकता येतो. पण बीआयएस कायदा २०१६ च्या कलम १६ प्रमाणे केंद्र सरकार एखाद्या वस्तूसाठी क्वालिटी कंट्रोल ऑर्डर काढू शकतं, ज्याला सगळे क्यूसीओ म्हणतात. ती निघाली आणि लागू झाली की मग त्या वस्तूला मार्क सक्तीचा. मार्क नसताना बनवणं, आयात करणं, विकणं, विकायला मांडून ठेवणं, साठवून ठेवणं सगळंच बंद. कलम २९ मधे शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी कमीत कमी २ लाख दंड, दुसऱ्यांदा कमीत कमी ५ लाख, आणि तो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो, किंवा कैद आणि दंड दोन्ही.

म्हणजे पहिला प्रश्न "लॅबची काच कंपल्सरी आहे का" हा नाहीच. "लॅबची काच" असा एक माल नसतो. क्यूसीओच्या खाली तक्ता असतो, त्यात वस्तूचं नाव आणि समोर आयएस नंबर, म्हणजे त्या वस्तूच्या भारतीय मानकाचा क्रमांक. ब्युरेट आयएस १९९७, मेजरिंग सिलिंडर ८७८, एका खुणेचा फ्लास्क ९१५, बीकर २६१९, टेस्ट ट्यूब २६१८, एका खुणेचं पिपेट १११७, अंशांचं पिपेट ४१६२. आपल्या मालाचा नंबर तक्त्यात असेल तर ऑर्डर आपल्याला लागू, नसेल तर नाही. या ऑर्डरी निघतात, पुढे ढकलल्या जातात, मागे घेतल्या जातात, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला बीआयएसच्या साईटवरची सक्तीच्या वस्तूंची यादी पाहायची आणि तारखेसकट प्रिंट फाईलला लावायची. ग्रुपवरून निर्णय घ्यायचा नाही, हे कॅलेंडरवर लिहून टांगलं.

६ जून

आज सुटीचा भाग वाचला. सगळ्यांची गडबड इथेच होते आहे.

आपलं उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, त्यावर "सूक्ष्म" लिहिलंय, आणि जो तो म्हणतो सूक्ष्म म्हणजे सूट. तसं नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची व्याख्या मोठी झाली, यंत्रात गुंतवणूक अडीच कोटीपर्यंत आणि उलाढाल १० कोटीपर्यंत. त्याआधी २०२० पासून १ कोटी आणि ५ कोटी होती. पण डीपीआयआयटीच्या (केंद्राचं उद्योग खातं) क्यूसीओंमधे जी सूट दिलेली दिसते ती सरसकट सूक्ष्मला नाही. उद्यमवर नोंद हवी, शिवाय यंत्रसामग्रीतली गुंतवणूक मूळ किमतीने २५ लाखाच्या आत आणि उलाढाल २ कोटीच्या आत, आणि हे सीएने सर्टिफाय केलेलं. तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. २५ लाख हा आकडा जुना ओळखीचा आहे, २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्यात कारखान्यासाठी सूक्ष्मची मर्यादा तेवढीच होती. व्याख्या दोनदा वाढली पण सुटीची रेघ तिथेच राहिली. म्हणजे तीन कोटी उलाढालवाला माणूस उद्यमवर सूक्ष्म आहे, कार्ड खरं आहे, तरी त्याला ही सूट नाही.

आणि "मूळ किमतीने" हे दोन शब्द फार महत्त्वाचे. उद्यममधे गुंतवणुकीचा आकडा रिटर्नमधून येतो, म्हणजे घसारा वजा जाऊन. सुटीसाठी घसारा धरायचा नाही, मशीन घेतलं तेव्हा जे मोजले ते. दहा वर्षांपूर्वी घेतलेला लेथ वहीत आज काहीच नाही, पण या हिशोबात पूर्ण किमतीने उभा.

बाकी सूट एक्स्पोर्टच्या मालाला असते, आणि कारखानदाराने संशोधनासाठी मागवलेल्या २०० नगांपर्यंत, ते आपल्या कामाचं नाही. सूट न बसणाऱ्या छोट्यांना मुदत जास्त मिळते, बऱ्याच ऑर्डरींमधे लघुला तीन महिने जादा आणि सूक्ष्मला सहा. ही सूट नव्हे, मुदत आहे. ग्रुपवर दोन्ही एकच समजून चाललंय.

दुसरी एक गोष्ट लाल पेनाने : सूट म्हणजे मार्क न लावता विकायची परवानगी. लायसन्सशिवाय आयएसआयचा मार्क छापायची परवानगी कोणालाच नाही, कितीही लहान असो.

११ जून

वर्ध्याला सीए साहेबांकडे. मृग लागला आणि सकाळी झड सुटली, बस दीड तास उशिरा, फाईल पिशवीत गुंडाळून नेली.

मूळ किमतीच्या पावत्या काढताना घाम फुटला. लेथ मामाने सेकंडहँड घेतला त्याची पावती साध्या कागदावर, भट्टी आम्हीच बांधली त्यात विटा, कॉईल, कंट्रोलर वेगवेगळ्या बिलावर. सगळं मिळून १३ लाख ८० हजार. उलाढाल मागच्या वर्षी ३१ लाख. म्हणजे आपण दोन्ही रेघांच्या खूप खाली, सूट बसते यात शंका नाही. मी विचारलं की जमीन, शेड, फर्निचर धरायचं का, तर नाही. आणि एमएसएमई कायद्यातच लिहिलंय की प्रदूषण नियंत्रण, संशोधन आणि सुरक्षेची साधनं वगळायची. ज्योतीच्या झगमगाटापासून डोळे वाचवणारे आपले डिडिमियमचे चष्मे आणि एक्झॉस्ट त्यात जातील. साहेब म्हणाले वेगळं दाखवू, पण आधी पक्कं बिल आणा.

दुकानदारांचा प्रश्न पण विचारला. ते म्हणतात तुम्हाला सूट आहे ताई, पण माझ्या कपाटात बिनमार्कचा माल सापडला तर मी काय दाखवू? म्हणून ठरवलं, प्रत्येक बिलासोबत उद्यमची प्रत, सीए सर्टिफिकेटची प्रत आणि बॅच नंबर. आणि हे सर्टिफिकेट दर आर्थिक वर्षाला नवीन करायचं.

१२ जून

एका व्यापाऱ्याचा फोन. म्हणे तुमच्या सुटीत माझा माल पण काढू, तुमचा कारखाना माझा ब्रँड, उलाढाल वाढली तर मामाच्या नावाने दुसरं उद्यम काढा. नाही म्हटलं. एका उद्योगाला एकच उद्यम, आणि एकाच पॅनवरचे जितके जीएसटी नंबर तितक्या सगळ्यांची उलाढाल एकत्र धरतात. नावं वेगळी करून एकाच शेडमधे दोन कारखाने दाखवणं सरळ खोटं आहे आणि ही सूट खरंच ज्यांना पाहिजे त्यांचीच त्याने जाते.

पुढे म्हणाला निदान सगळ्यांवर क्लास ए (जास्त अचूक मापाचा दर्जा, त्याखालचा बी) छापून द्या, सगळेच छापतात. त्यावर मी फोन ठेवला. मला दिवसभर ते लागलं.

का लागलं ते लिहिते. आपल्या ब्युरेटी माती तपासणीला जातात. सेंद्रिय कर्ब काढतात तेव्हा एक ग्रॅम माती, १० मिली डायक्रोमेट, वरून सल्फ्युरिक, आणि मग ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत ते ब्युरेटने सोडायचं. ब्लँक (माती न घालता केलेली तीच चाचणी) आणि नमुन्याच्या रीडिंगमधे एक मिली फरक म्हणजे ०.१५ टक्के कर्ब. ०.५ च्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम. ब्युरेट मधेच ०.२ मिली चुकली तर ०.०३ टक्के गेला आणि ०.४९ चं ०.५२ झालं, कास्तकाराच्या कार्डावर शब्दच बदलला. तो त्या कार्डावर शेणखताचा खर्च ठरवतो. त्याला कुठे माहीत की काचेवर ए खोटा छापला होता.

१७ जून

टेंडरचा कागद पुन्हा नीट वाचला. आयएसआय मार्कची अट सरळ आहे, "सूट असल्यास चालेल" असं कुठेच नाही. आणि ते कायद्याने चुकीचं पण नाही, खरेदी करणाऱ्याने काय मागायचं तो त्याचा अधिकार. केंद्राच्या खात्यांना आणि सरकारी कंपन्यांना २०१२ चं एमएसईकडून (सूक्ष्म-लघु उद्योगांकडून) खरेदीचं धोरण लागू आहे, त्यात वर्षाच्या खरेदीतला कमीत कमी २५ टक्के माल सूक्ष्म-लघुकडून, त्या २५ पैकी ३ टक्के बायकांच्या उद्योगाकडून, टेंडर फॉर्म फुकट, अनामत रक्कम माफ. पूर्वीच्या अनुभवाची अट पण शिथिल करता येते, पण गुणवत्ता आणि तांत्रिक अटी पूर्ण होत असतील तरच. पैशाची सवलत आहे, मापाची नाही.

मामाला हे वाचून दाखवलं. तो बराच वेळ बर्नरकडे पाहत बसला. मग म्हणाला, "म्हणजे सरकारनं सोडलं तरी गिऱ्हाईक नाही सोडत."

एवढं ठरलं की सुटीवर बसून राहायचं नाही. सगळ्या मालाचं लायसन्स झेपणार नाही, प्रत्येक आयएस नंबरला वेगळं लायसन्स लागतं, वेगळी टेस्टिंग. एकच माल निवडायचा. ब्युरेट.

१८ जून

फीचा हिशोब. अर्जाची फी १,०००, लायसन्सची वर्षाची फी १,०००, इथपर्यंत ठीक. खरी रक्कम मार्किंग फीची (मार्क लावायची फी), ती वस्तूप्रमाणे बदलते आणि वर्षाला किमान तरी भरावीच लागते. त्या किमान फीवर सूक्ष्मला ८० टक्के सवलत, लघुला ५०, मध्यमला २०, आणि बाईच्या नावाने उद्योग असेल तर आणखी १० टक्के. आणि इथे सूक्ष्म म्हणजे उद्यमवालं सूक्ष्म, २५ लाखाची रेघ नाही. म्हणजे ज्याला सूट बसत नाही त्याला पण ही सवलत बसते, हे ग्रुपवर टाकलं तर कोणी बोललं नाही पण चार जणांचे वेगळे फोन आले.

एका कन्सल्टंटने सगळं करून देतो म्हणून दीड लाख सांगितले. बीआयएसच्या पोर्टलवर प्रॉडक्ट मॅन्युअल फुकट आहे, मानक पण डाउनलोड होतं, अर्ज त्यांच्याच मानकऑनलाईन साईटवर आपणच भरू शकतो. मी स्वतः भरणार.

एमएसएमईला स्वतःची लॅब ठेवणं आता सक्तीचं नाही, बाहेरून टेस्ट करून घेता येते. पण ब्युरेट रोज मोजल्याशिवाय रोज बनवता येत नाही, त्यामुळे तराजू घ्यायचाच.

२६ जून

तराजू आला, ०.१ मिलिग्रॅमचा. मागच्या खोलीत ओटा बांधला, खिडकी बुजवली, पंखा बंद.

मोजायची पद्धत अशी की ब्युरेटमधे डिस्टिल्ड पाणी शून्यापर्यंत भरायचं, मग १०, २०, ३०, ४०, ५० वर झाकणाच्या बाटलीत सोडून वजन करायचं. पाण्याचं वजन म्हणजे मिली नव्हे. २७ अंशाला पाण्याची घनता ०.९९६५, त्यात हवेच्या उचलीचा फरक धरून एका ग्रॅमला १.००४५ ने गुणायचं. म्हणजे ५० मिली खरे असतील तर तराजूवर ४९.७८ च्या आसपास दिसलं पाहिजे. आपल्याकडे माल २७ अंशाला मोजतात, बाहेरच्या मालावर २० लिहिलेलं असतं. क्लास ए ला ५० मिलीवर ०.०५ मिली इकडे तिकडे चालतं, बी ला ०.१०.

बारा ब्युरेटी मोजल्या. बाराच्या बारा कमी. ०.०६, ०.०७, ०.०९. एकही ए मधे नाही.

मामाला सांगायला जीभ रेटत नव्हती. त्याने ऐकलं, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाला, "पोरी, माह्यी ब्युरेट सगळ्याच एका अंगाले कमी नाही दाखवू शकत. तुह्यं पाणी पाह्य आधी."

२७ जून

मामा बरोबर होता. पाण्याचा कॅन शेडमधे टिनाखाली ठेवला होता, आज थर्मामीटर बुडवला तर ३१ अंश. मी गुणाकार मात्र २७ चा करत होते. ३१ अंशाला तो आकडा १.००५७ होतो. फरक दिसायला काहीच नाही पण ५० मिलीवर ०.०६ मिली येतो, म्हणजे क्लास ए ची पूर्ण सूट एकट्या पाण्याच्या ऊनपणात संपली. काच एवढी फुगत नाही, बोरोसिलिकेट ३.३ (आपली नेहमीची, उष्णतेने कमी फुगणारी काच) चार अंशाला ५० मिलीत ०.००२ मिली, ते सोडून दिलं तरी चालतं. पाणीच सगळा खेळ करतं.

कॅन रात्रभर मोजायच्या खोलीत ठेवायचा, आणि प्रत्येक रीडिंगला पाण्याचं तापमान समोर लिहायचं. रकाना वाढवला. पुन्हा मोजल्यावर बारापैकी नऊ ए मधे.

उरलेल्या तीन खरंच चुकल्या होत्या, आणि त्या मधे चुकल्या. एकीचं ५० बरोबर, पण २० मिलीवर वजन १९.८३ ग्रॅम, म्हणजे १९.९२ मिली, ०.०८ कमी. नळीचं भोक वर अरुंद आणि खाली रुंद. आम्ही नळीत पाणी भरून शून्य आणि ५० ची खूण काढतो आणि त्या लांबीला जुळणारी स्केलची स्क्रीन (खुणा छापायची जाळी) निवडतो, दोन टोकं जुळतात पण मधली नळी सरळ आहे का ते स्क्रीनला कळत नाही. टोकं पाहून पास केलेला माल असाच जात असेल सगळीकडे.

त्या तिन्ही बी म्हणून विकायच्या. बी छापायला लाज नाही, शाळेच्या प्रॅक्टिकलला बी पुष्कळ झालं.

४ जुलै

नळी. नवीन पुरवठादाराने बोरो (बोरोसिलिकेट) म्हणून दिली, भाव कमी. मामाने तिचा एक तुकडा आणि आपल्या जुन्या ३.३ रॉडचा तुकडा आडवे शेजारी शेजारी ज्योतीत चिकटवले, लाल-पिवळं होऊ दिलं आणि बाहेर काढून झटकन ओढले. केसासारखी तार झाली हातभर. थंड होताच ती तार धनुष्यासारखी वाकली. दोन्ही काचा सारख्या आकसल्या असत्या तर तार सरळ राहिली असती. मग पोरींना दाखवायला म्हणून मी काचेच्या वाटीत सरकीचं तेल ओतलं आणि दोन्ही तुकडे बुडवले, आपला ३.३ चा रॉड तेलात दिसेनासाच झाला, वरचं टोक तेवढं हवेत तरंगल्यासारखं, आणि नवीन नळी स्पष्ट दिसत होती. तेलाचा आणि बोरोसिलिकेटचा वक्रीभवनांक जवळपास सारखा म्हणून असं होतं, साध्या सोडा काचेचा जास्त असतो. छोटी पोरगी तीनदा रॉड काढून पुन्हा बुडवून पाहत होती.

पण हे आपल्या समाधानासाठी. कागदाला आयएस २३०३ ची टेस्ट लागते, काच कुटून ३०० ते ५०० मायक्रॉनचे दाणे, ९८ अंशाला तासभर पाण्यात, आणि पाण्यात किती अल्कली उतरली ते पातळ हायड्रोक्लोरिकने टायट्रेट करायचं. ती बाहेरच्या लॅबमधून करून घेणार. नळी परत पाठवली. यापुढे प्रत्येक पेटीतल्या दोन नळ्यांची तार ओढल्याशिवाय पेटी आत घ्यायची नाही.

१२ जुलै

रात्री भट्टी ५६० वर असताना लाईट गेली. वादळ होतं, तीन तास नव्हती. झाकण न उघडता तशीच ठेवली, तरी थंड व्हायचा वेग आपल्या हातात राहिला नाही.

सकाळी वरून सगळा माल चांगला दिसला. ट्यूबलाईटसमोर दोन पोलरॉईड शीट आडव्या-उभ्या लावून मधे धरला तर चावीच्या जोडाजवळ पांढरे झगझगीत पट्टे. ताण. अठरा ब्युरेटी बाजूला ठेवल्या, पुन्हा भट्टीत जातील. एक कंडेन्सर नजरेतून सुटला आणि रॅकवर ठेवला, दुपारी जेवताना टक् करून आवाज आला आणि पाहिलं तर जोडापासून आडवा तडकलेला, कोणी हात पण लावला नव्हता.

आता रजिस्टरमधे रकाना : भट्टी नंबर, लावली कधी, लाईट गेली का, पोलरॉईड पाहिलं कोणी. बीआयएसच्या टेस्टिंग स्कीममधे कोणती टेस्ट किती मालामागे करायची आणि नोंद कशी ठेवायची ते दिलेलंच असतं, पण हा लाईटचा रकाना आपला.

२३ जुलै

सोयाबीन डवरणीला आलं, दोघी पोरी चार दिवस शेतात. काम थांबलं. मी रजिस्टर स्वच्छ लिहून काढलं.

टेंडरची मुदत आज संपली. भरलं नाही. ४०० ब्युरेटी आपण दोन महिन्यात करू शकलो असतो, माप पण बसलं असतं. वाईट वाटलं, ते वाटणारच. पण लायसन्स नसताना "प्रक्रियेत आहे" असं लिहून भरणं जमलं नाही.

६ ऑगस्ट

मामाशी वाजलं. त्याचं म्हणणं, बत्तीस वर्षं माझी काच कोणी परत केली नाही, आता दर नगामागे पाच वजनं करायची तर दिवसाला वीस नग पण होणार नाहीत आणि भाव कोण वाढवून देणार. त्याचा मुद्दा खोटा नाही. एका ब्युरेटला पाऊण तास मोजणीचा. मोठ्या कारखान्यात नळीच अचूक भोकाची घेतात आणि मोजणी मशीनवर, त्यांचा खर्च लाखो नगांवर पसरतो. आपला वीस नगांवर. म्हणूनच छोट्याला सूट देतात आणि ती असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, नाहीतर गावात हे काम शिकणारंच कोणी उरणार नाही. पण सूट फक्त मार्कची आहे. मापाची सूट मला कोणी देऊ शकत नाही आणि मी पण घेऊ शकत नाही.

शेवटी असं जमलं. लायसन्सचा माल म्हणजे फक्त ५० मिली ब्युरेट, त्याला मानकात आणि स्कीममधे असेल ती पूर्ण तपासणी. बाकी माल सुटीत, पण प्रत्येक बॅचमधून नमुना मोजून त्याची चिठ्ठी पेटीत : बॅच, तापमान, कोणत्या खुणेला किती फरक, क्लास ए की बी. आयएसआय नाही, आयएस नंबर पण छापायचा नाही म्हणजे कोणाचा गैरसमज नको. मामा म्हणाला चिठ्ठीवर सही मी करीन. तो कधी कशावर सही करत नाही.

२० ऑगस्ट

पोळा परवावर, बैलं धुवायला नदीवर गर्दी. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आज आला. दाण्यांची टेस्ट पास, ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक ग्रॅममागे ०.१० मिलीच्या आत, पहिला वर्ग. मापात पाठवलेल्या सहाही ब्युरेटी पास. चावीच्या गळतीत एक नग नापास.

चावी काढून पाहिली. घासताना कार्बोरंडमची बारीक पूड कुशीत (चावी जिच्यात बसते ती) राहून गेली आणि एक केसासारखी आडवी चीर पडली, नखाने लागत होती, डोळ्याने नाही. यापुढे शेवटची घासणी झाल्यावर चावी आणि कूस दोन्ही ब्रशने धुवून, कोरडी चावी लावून, पूर्ण भरून, वीस मिनिटं उभी ठेवायची आणि पातळी पाहायची. मोठ्या पोरीकडे हे काम दिलं, तिचा हात हलका आहे.

९ सप्टेंबर

नवीन सहा नग दुसऱ्यांदा तपासून आले, सगळे पास. आज मानकऑनलाईनवर अर्ज भरला. उद्यम, सीए सर्टिफिकेट, रिपोर्ट, यंत्रांची यादी, शेडचा नकाशा, मोजणीच्या खोलीचं तापमानाचं रजिस्टर. फी भरली त्याची पावती फाईलला. रिपोर्ट जोडून अर्ज केला की प्रक्रिया सोपी असते, त्यानंतर तपासणीला अधिकारी येतील आणि शेडमधून स्वतः नमुना घेऊन सील करतील.

एक तारखेची यादी काढून लावली. दुकानदारांना नवीन प्रती पाठवल्या. ज्या दुकानदाराने कपाटाचं विचारलं होतं त्याने चिठ्ठीवाल्या दोन पेट्या मागवल्या आणि चिठ्ठी नसलेली जुनी पेटी परत घेता का विचारलं. घेते म्हटलं, त्या बारा नगांची मोजणी करून पुन्हा पाठवायच्या.

उद्यासाठी : पाण्याचा कॅन आत ठेवला. नळ्या पुसून झाल्या. लाईट सकाळी सहा ते दहा पक्की असते, पहिली भट्टी सहाला.